ट्रेकची पाण्याची बाटली गळते, वास येतो, पाणी गार राहत नाही: दोष शोधण्याचा क्रम आणि नव्या बाटलीची निवड

लक्षणे

सोलापूरहून सह्याद्रीत ट्रेकला जाणाऱ्या आमच्या गटाचे सामान निघण्यापूर्वी तपासून देण्याचे काम माझ्याकडे असते आणि पाण्याच्या बाटल्यांबाबत दर मोसमात त्याच त्या तक्रारी माझ्यापुढे येतात. तक्रार नेमकी कोणती आहे हे आधी ओळखावे, कारण ‘बाटली खराब झाली’ एवढ्या एका वाक्यात वेगवेगळे दोष दडलेले असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. नेहमी दिसणारी लक्षणे अशी:

- बाटली उभी असताना काहीच होत नाही. बॅगेत आडवी पडली की झाकणाजवळून पाणी पाझरते.
- घरी एक थेंब गळत नाही, पण गडावर पोहोचून झाकणाची चोच उघडताच स्ट्रॉमधून पाणी उडते.
- पाण्याला कुबट, लसणासारखा किंवा क्लोरीनचा वास येतो. बाटली घासली तरी दोन दिवसांत वास परत येतो.
- आतून पांढरा थर धरतो किंवा स्टीलवर तपकिरी ठिपके उमटतात.
- थर्मास पद्धतीच्या बाटलीत सकाळी घातलेले बर्फाचे पाणी दुपारच्या आत कोमट होते.

यांपैकी पहिल्या चार तक्रारींमध्ये बाटलीचे अंग बहुतेक वेळा धडधाकट असते. दोष झाकणात, झाकणाच्या रिंगेत किंवा धुण्याच्या पद्धतीत असतो आणि तो घरी, जवळजवळ फुकटात दुरुस्त होतो. पाचव्या तक्रारीत मात्र बाटली खरोखरच कामातून गेलेली असू शकते. म्हणून पुढील तपासण्या दिलेल्या क्रमानेच कराव्यात. पहिल्याच पायरीवर उत्तर मिळाले तर पुढे जाण्याचे कारण नाही.

गळती

सर्वांत आधी ही गळतीच आहे ना, याची खात्री करावी. बाटली साध्या पाण्याने पाऊण भरावी, झाकण लावून बाहेरून कोरड्या फडक्याने पुसावी आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पंधरा मिनिटे आडवी, मग तितकाच वेळ उलटी ठेवावी. कागद जिथे भिजेल तिथेच दोष आहे. कागद कोरडा राहिला, तर बॅगेतील ओल ही बाटलीला सुटलेला घाम असण्याची शक्यता मोठी आहे. एकाच भिंतीच्या बाटलीत गार पाणी असेल आणि हवा दमट असेल, तर हवेतील बाष्प बाटलीच्या अंगावर थेंबांच्या रूपाने जमते. सोलापूरची एप्रिल-मेमधील हवा इतकी कोरडी असते की इथे हा प्रकार क्वचितच दिसतो. त्यामुळे पावसाळ्यात घाटमाथ्यावर गेल्यावर तीच बाटली ‘गळू’ लागली, असे आपल्याकडच्या मंडळींना हमखास वाटते. अशा बाटलीला दुरुस्तीची नव्हे, एखाद्या कापडी पिशवीची गरज असते.

कागद भिजला, तर झाकणाच्या आतील रिंग काढावी. काही जण तिला वॉशर म्हणतात. बहुतेक बाटल्यांत ती सिलिकॉनची असते. सुई किंवा सुरीचे टोक वापरू नये, कारण त्याने पडलेली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही आणि पाण्याला पुरते. लाकडी दातकोरणी किंवा चमच्याचा बोथट दांडा पुरेसा आहे. रिंग बोटांत ताणून उजेडात सर्व बाजूंनी फिरवून पाहावी. तिच्यावर केस, वाळूचा कण, भाकरीचा चुरा किंवा सुकलेल्या सरबताची साखर चिकटलेली आढळते, आणि गळतीचे कारण अनेकदा एवढेच असते. रिंग दबून दोन पृष्ठभागांमधील फट भरते, तेव्हाच पाणी अडते. एक कण मध्ये आला की त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक वाट उरते आणि बाटली आडवी पडली की पाणी तीच वाट धरते. रिंग व खाच दोन्ही कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण कोरड्या करून पुन्हा बसवाव्यात. रिंगेची एक बाजू सपाट आणि दुसरी ओठासारखी असेल, तर कोणती बाजू वर होती हे काढतानाच पाहून ठेवावे; उलटी बसलेली रिंग हे गळतीचे आणखी एक नेहमीचे कारण आहे. बसवल्यावर बोट फिरवून ती कुठे उचललेली किंवा पीळ पडलेली नाही, हे पाहावे. रिंग सहज बसावी म्हणून तिला गोडेतेल लावण्याची सवय काही घरांत आहे. ती सोडावी, कारण सिलिकॉन तेल आणि वास दोन्ही शोषून घेते आणि पुढे त्याचा त्रास होतो.

रिंग स्वच्छ असूनही गळती थांबली नाही, तर झाकण लावण्याची पद्धत पाहावी. झाकण आधी उलट्या दिशेने हलकेच फिरवावे. आटे एकमेकांत बसल्याचे बोटांना जाणवले की मगच सुलट दिशेने आवळावे. तिरके चढलेले झाकण वरून घट्ट वाटते आणि एका बाजूने उघडे राहते. याच्या उलट चूक म्हणजे जिवाच्या आकांताने आवळणे. सतत जास्त दाबली गेलेली रिंग कायमची चपटी होते आणि पूर्वीसारखी फुगून फट भरू शकत नाही. मग माणूस आणखी जोरात आवळतो. इथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे: नळजोडणीची पांढरी टेप आट्यांवर गुंडाळून या बाटलीची गळती थांबत नाही. या बाटल्यांत पाणी अडवण्याचे काम रिंग करते. आट्यांचे काम रिंगेवर दाब देण्यापुरते आहे. टेपने झाकण पूर्ण खाली बसत नाही आणि गळती उलट वाढते. चिकटद्रव किंवा एम-सील तर पिण्याच्या पाण्याच्या वाटेत लावूच नये.

चपटी किंवा चिरलेली रिंग बदलणे हा पुढचा आणि थोड्या खर्चाचा उपाय आहे. जुनी रिंग सोबत घेऊन भांड्यांच्या किंवा कुकरचे सुटे भाग ठेवणाऱ्या दुकानात जावे आणि व्यास व जाडी दोन्ही जुळवून घ्याव्यात. केवळ व्यास जुळलेली, पण किंचित जाड रिंग घेतली तर झाकण शेवटचा पाव फेरा फिरत नाही. ‘अन्नासाठी योग्य’ असा उल्लेख नसलेली, काळी आणि रबराचा उग्र वास येणारी रिंग स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, कारण तो वास उन्हात तापलेल्या पाण्यात उतरतो.

चोच, स्ट्रॉ आणि उंचीचा प्रश्न

गडावर चोच उघडताच पाणी उडणे हा बाटलीचा दोष नसून हवेच्या दाबाचा परिणाम आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून थोडे अधिक उंचीवर आहे. इथे अर्धी भरून बंद केलेली बाटली १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर नेली, तर बाहेरच्या हवेचा दाब साधारण आठव्या हिश्श्याने कमी झालेला असतो, पण बाटलीतील हवा मात्र सोलापूरच्या दाबाचीच राहते. उन्हाने ती तापली असेल तर दाब आणखी वाढतो. स्ट्रॉचे खालचे टोक पाण्यात बुडालेले असल्याने आतील हवेला बाहेर पडायला वाट पाण्यातूनच मिळते आणि ती पाण्याला पुढे ढकलते. उपाय एका ओळीचा आहे: चोच उघडण्यापूर्वी मुख्य झाकण अर्धा फेरा सैल करून हवा सोडावी. चढताना मध्ये मध्ये हे केले की प्रश्न उरत नाही.

चोच बंद असतानाही पाणी येत असेल, तर चोचीखालची छोटी झडप काढून धुवावी. तिथे गाळ अडकतो आणि ओलसर अंधारात काळी बुरशी धरते. स्ट्रॉसाठी बारीक ब्रश लागतो. नुसते पाणी फिरवून काही निघत नाही. हायड्रेशन ब्लॅडरच्या, म्हणजे बॅगेत ठेवून नळीने पाणी प्यायच्या मऊ पिशवीच्या, चावायच्या तोटीलाही हेच लागू आहे, मात्र तिची नळी लांब असल्याने त्रास दुप्पट. ज्यांना दर ट्रेकनंतर ब्रश हाती घ्यायचा कंटाळा आहे त्यांनी स्ट्रॉ, चोच आणि ब्लॅडर या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेवटी बाटलीचे तोंड आणि अंग पाहावे. तोंडाच्या कडेवरून नख फिरवले असता कुठे खोलगट किंवा खरखरीत लागले, तर कड ठेचलेली आहे आणि नवी रिंगही तिथे पूर्ण टेकणार नाही. स्टीलची कड ठोकून सरळ करण्याचा प्रयत्न सहसा फसतो. झाकणाची तपासणी करताना त्याच्या कडीचा बुंधा पाहावा. बाटली झाकणाच्या कडीने बॅगेला बाहेर लटकवण्याची पद्धत रूढ आहे आणि भरलेल्या बाटलीचे हेलकावे त्याच ठिकाणी प्लॅस्टिकला तडा देतात. कोरडे झाकण कानाशी धरून हलवून पाहावे. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला, तर झाकणाच्या दोन थरांमधील जोड सुटलेला आहे. त्या पोकळीत साचलेले पाणी धुता येत नाही, म्हणून असे झाकण बदलावे.

गळतीकडे मी इतके लक्ष देतो याचे कारण आपल्या शिदोरीत आहे. राजगड किंवा तोरण्यासाठी रात्रीच्या गाडीने पुण्याकडे निघालेल्या सोलापूरकराच्या बॅगेत कडक भाकरी, शेंगा चटणी आणि पांघरायला चादर असतेच. कडक भाकरी टिकते ती कोरडी असते म्हणून. रात्रभर पाझरलेल्या बाटलीशेजारी ती सकाळी लिबलिबीत झालेली असते आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणापर्यंत तिला बुरशीचा वास येऊ लागतो. भिजलेली सुती सोलापुरी चादर वाळता वाळत नाही आणि तिचे ओझे पाठीवर बसते ते वेगळेच.

वास आणि थर

वासाचे मूळ पाण्यात आहे की बाटलीत, हे ठरवायला काचेचा पेला पुरतो. तेच पाणी पेल्यात आणि बाटलीत दोन तास झाकून ठेवावे व वास घ्यावा. दोन्हीकडे वास आला तर बाटली निर्दोष आहे. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नसल्याने ते घरोघर पिंपांत आणि टाक्यांत साठवले जाते. साठवणीचा कुबटपणा बाटलीच्या माथी मारला जातो. अशा वेळी आधी पिंप धुवावे.

फक्त बाटलीतल्या पाण्यालाच वास येत असेल, तर पहिला संशय पुन्हा रिंगेवर घ्यावा. शेंगा चटणी खाल्लेल्या हाताने झाकण फिरवले की चटणीचे तेल आणि लसणाचा वास सिलिकॉनमध्ये मुरतो. बाटली कितीही घासली तरी रिंग तिथेच राहते आणि वास परत येतो. रिंग काढून पाच-दहा मिनिटे पाण्यात उकळावी, साबणाने धुवावी आणि एक-दोन दिवस उन्हात ठेवावी. ऊन आपल्याकडे मुबलक आहे, त्याचा उपयोग करावा. बाटलीच्या आत लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून रात्रभर ठेवावा आणि सकाळी ब्रशने घासून खळखळून धुवावे. मग बाटली झाकण न लावता उलटी करून सुकवावी. ओल्या बाटलीला झाकण लावून ती कपाटात ठेवणे, हे वास परत येण्याचे सर्वांत सामान्य कारण आहे.

पांढरा थर हा जड पाण्यातील क्षारांचा असतो. आपल्या भागातील काळ्या पाषाणातल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असते आणि पाणी तापले किंवा सुकले की ते भिंतीला धरते. हा थर विषारी नसतो, पण खरखरीत असल्याने त्यात जंतूंना आसरा मिळतो. सोड्याने तो जात नाही; त्याला आम्ल लागते. लिटरभर कोमट पाण्यात एक-दोन चमचे सायट्रिक ॲसिड किंवा थोडे व्हिनेगर घालून अर्धा तास ठेवावे, थर आपोआप सुटतो. सोडा आणि व्हिनेगर एकत्र घातल्यास फेस छान येतो आणि दोघांचाही गुण मारला जातो, म्हणून ते वेगवेगळ्या वेळी वापरावेत. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर मात्र चुकूनही एकत्र आणू नयेत. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

तपकिरी ठिपके दिसताच ‘स्टील गंजले’ असे म्हणून बाटली टाकू नये. भांडी घासायच्या लोखंडी तारेचे कण स्टीलमध्ये रुततात आणि गंजतात ते ते कण. सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने ठिपके गेले आणि परत आले नाहीत, तर बाटली चांगली आहे. पुढे मऊ ब्रशच वापरावा. ठिपक्यांच्या जागी नखाला खड्डा लागत असेल किंवा ते आठवडाभरात पुन्हा उमटत असतील, तर स्टील हलके आहे किंवा तीव्र क्लोरीनच्या पाण्याने ते खाल्ले गेले आहे. त्यावर घरगुती इलाज नाही. तांब्याच्या व ॲल्युमिनियमच्या बाटलीत लिंबू सरबत, ताक किंवा ओआरएस भरू नये, कारण आंबट आणि खारट पेये धातू विरघळवतात.

ताकाविषयी आणखी थोडे. बंद बाटलीत उन्हात राहिलेले ताक आंबून फुगते, झाकण आतून दाबले जाते आणि उघडताना उडते. अशी बाटली तोंडापासून दूर धरून, आधी गार पाण्यात ठेवून, झाकण अगदी सावकाश फिरवत उघडावी. तापवून उघडण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

पाणी गार राहत नाही

इथेही फुकटची तपासणी आधी. बाटली भरताना ती स्वतः तापलेली होती का? मे महिन्यात स्वयंपाकघरात ठेवलेले स्टील चाळीस अंशांच्या आसपास असते आणि त्यात ओतलेल्या गार पाण्याचा काही गारवा बाटलीला थंड करण्यात खर्च होतो. आधी दहा मिनिटे गार पाणी भरून ओतून द्यावे आणि मग खरे पाणी भरावे. बाटली अर्धीच भरली जाते का, दर दहा मिनिटांनी उघडली जाते का, हेही पाहावे. बर्फाचे चुऱ्याऐवजी मोठे खडे घालावेत. खोक्यावरील ‘२४ तास गार’ हा आकडा पूर्ण भरलेल्या, न उघडलेल्या आणि सावलीतल्या बाटलीचा असतो. सोलापूरच्या उन्हात बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवलेल्या बाटलीकडून तो अपेक्षित धरू नये.

हे सर्व करूनही फरक पडला नाही, तर निर्वाताची परीक्षा घ्यावी. दुहेरी भिंतीच्या बाटलीत दोन भिंतींमधील हवा काढून घेतलेली असते. हवा नसल्याने उष्णता फारच कमी आरपार जाते. बूड आपटल्याने किंवा जोडात सूक्ष्म फट पडल्याने तिथे हवा शिरली की ती बाटली साध्या भांड्यासारखीच उरते. गार पाणी भरून बाहेर घाम येतो का ते पाहावे, असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. पण आपल्या कोरड्या उन्हाळ्यात बिघडलेल्या बाटलीलाही घाम येईलच असे नाही, त्यामुळे ती परीक्षा इथे फसवी ठरते. त्याऐवजी पहाटे किंवा रात्री, घर थंड असताना, बाटलीत उकळते पाणी भरावे, झाकण लावावे आणि दहा मिनिटांनी अंग व बूड हाताने चाचपावे. फक्त गळ्याजवळ ऊब लागली तर ते स्वाभाविक आहे, कारण दोन्ही भिंती तिथेच जोडलेल्या असतात. बूड किंवा पोटाचा भाग गरम लागला, तर निर्वात गेला आहे. दुपारी ही परीक्षा घेऊ नये, कारण त्या वेळी स्टील नुसत्या हवेनेही कोमट लागते. रिकामी, कोरडी बाटली हलवल्यावर भिंतीच्या आत पाण्याचा आवाज आला, तर आतल्या भिंतीला तडा आहे.

निर्वात जाण्याची दोन कारणे मला पुन्हा पुन्हा दिसतात. बाटली बाहेर लटकल्याने चढणीवर तिचे बूड कातळावर आपटते. दुसरे म्हणजे भरलेली बाटली फ्रीजरमध्ये ठेवली जाते. बर्फ होताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते आणि आतली भिंत व बूड ढकलते. दोन्ही टाळण्यासारखी आहेत.

साध्या, एकाच भिंतीच्या बाटलीला आपल्याकडे एक चांगला पर्याय आहे. तिच्याभोवती ओला सोलापुरी टॉवेल गुंडाळून ती सावलीत वाऱ्यावर ठेवावी. बाष्पीभवनाने पाणी माठातल्यासारखे गार होते. नळदुर्ग किंवा परांड्याकडच्या कोरड्या हवेत हा उपाय उत्तम चालतो, कोकणाकडच्या दमट हवेत मात्र जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

कुठे थांबावे

निर्वात गेलेली बाटली घरी किंवा भांडी दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे दुरुस्त होत नाही. तिला भोक पाडून, झाळून किंवा तापवून पाहू नये. भिंतींच्या मध्ये शिरलेल्या पाण्याची वाफ झाली, तर बंद पोकळी स्फोटासारखी फुटू शकते. याच कारणासाठी दुहेरी भिंतीची बाटली चुलीवर किंवा स्टोव्हवर कधीही ठेवू नये. हमीची मुदत शिल्लक असेल तर पावती घेऊन कंपनीच्या सेवा केंद्राकडे जावे. मुदत संपली असेल, तर ती साधी बाटली म्हणून वापरता येते. मात्र भिंतीत पाणी शिरले असेल तर ती भंगारात द्यावी.

पेल्याच्या परीक्षेत दोष पाण्याचा निघाला आणि पिंप धुऊनही वास, रंग किंवा खारटपणा गेला नाही, तर बाटलीवरचे प्रयोग थांबवून पाण्याचा नमुना तपासणीला द्यावा. शासनाच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्हा पातळीवर आहेत. नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त असलेले पाणी चवीने ओळखता येत नाही आणि कोणतीही बाटली ते शुद्ध करीत नाही. ट्रेकहून परतल्यावर उलट्या, जुलाब किंवा ताप असेल तर डॉक्टरांकडे जावे आणि कोणत्या टाक्याचे पाणी प्यायलो होतो ते त्यांना सांगावे.

तीच तक्रार परत येत असेल तर

रिंग बदलूनही वर्षभरात दुसऱ्यांदा गळती सुरू झाली, किंवा वास जातच नसेल, तर निवड चुकली आहे. खरेदीच्या वेळी लोक बाटलीचे अंग, रंग आणि ‘किती तास गार’ हे पाहतात. वरील सर्व दोषांची यादी पुन्हा वाचली, तर बहुतेक दोष झाकणाचे आहेत हे लक्षात येईल. म्हणून आधी झाकण निवडावे. एकाच तुकड्याचे, फिरकीचे, हाताने सुटी होणारी रिंग असलेले आणि स्ट्रॉ नसलेले झाकण ट्रेकसाठी सर्वोत्तम. तोंड एवढे रुंद असावे की ब्रश आणि बर्फाचा खडा दोन्ही आत जातील आणि गडावरच्या उथळ टाक्यातूनही बाटली भरता येईल. असे पाणी फडक्याने गाळून घ्यावे आणि मग उकळून किंवा क्लोरीनचे थेंब घालूनच प्यावे. थेंब घातल्यावर झाकण थोडे सैल करून बाटली किंचित तिरकी करावी, म्हणजे औषधाचे पाणी आट्यांनाही लागते. मग झाकण आवळून निदान अर्धा तास थांबावे. आटे कच्च्या पाण्याने ओलेच राहिले, तर जंतू पहिल्याच घोटाला तोंडात जातात.

वजनाचा हिशेब त्यानंतर. एक लिटरची दुहेरी भिंतीची स्टील बाटली रिकामी असतानाच साधारण ४०० ते ५०० ग्रॅम भरते, एकाच भिंतीची त्याच्या निम्म्याच्या आसपास आणि जाड पांढुरक्या एचडीपीई प्लॅस्टिकची रुंद तोंडाची बाटली शंभर-सव्वाशे ग्रॅम. पाणी स्वतः लिटरला एक किलो. उन्हात चढताना तासाला अर्धा लिटर किंवा अधिक पाणी लागते, म्हणजे निर्जळ वाटेवर तीन लिटर तरी पाठीवर हवे. ते तीनही लिटर थर्मास पद्धतीच्या बाटल्यांत नेणे म्हणजे जवळजवळ दीड किलो नुसते पोलाद वाहणे. पाऊण लिटरची एक दुहेरी बाटली आणि बाकी पाणी हलक्या बाटल्यांत, ही विभागणी मला सर्वांत सोयीची वाटते. हलक्यांपैकी एक नेमकी एक लिटरची आणि खुणा असलेली असावी, कारण ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते आणि अंदाजाने अर्ध्या बाटलीत ओतलेले पाकीट फायद्याऐवजी अपाय करते.

प्लॅस्टिकच्या बुडावरील त्रिकोणातला आकडा पाहावा. १ म्हणजे पेट. पॅकबंद पाण्याची बाटली याच जातीची असते, गरम पाण्याने ती आक्रसते आणि तिच्यावरच्या ओरखड्यांत घाण धरते, म्हणून वर्षानुवर्षे वापरू नये. २ म्हणजे एचडीपीई आणि ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, दोन्ही चालतात. ७ या आकड्याखाली अनेक प्लॅस्टिके येतात, त्यांत बीपीए (बिस्फेनॉल-ए हे रसायन) असलेले जुने पॉलिकार्बोनेटही येते आणि बीपीए नसलेले ट्रायटनही. तेव्हा ‘बीपीए-मुक्त’ असा उल्लेख पाहावा.

स्टीलमध्ये ३०४ प्रतीचे घ्यावे. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०१ प्रतीत निकेल कमी करून मँगेनीज वाढवलेले असते आणि ते ठिपके लवकर धरते. दुकानात लोहचुंबक लावून दाखवतात त्यावर विसंबू नये, कारण २०१ ला देखील चुंबक सहसा चिकटत नाही आणि अस्सल ३०४ ला वाकवलेल्या भागात थोडा चिकटू शकतो. दुहेरी भिंतीच्या बाटलीवर आयएसआय चिन्ह आणि आयएस १७५२६ हा मानक क्रमांक पाहावा. चिन्हाजवळचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर या ॲपवर टाकून खरेपणा तपासता येतो.

सोलापूरच्या नव्या पेठेत किंवा जिथे कुठे घ्याल तिथे, दुकानदाराला विनंती करून बाटलीत पाणी भरून घ्यावे, कोरडी पुसून काउंटरवरच कागदावर उलटी ठेवावी आणि तोवर बिल करून घ्यावे. त्याच वेळी झाकणाची सुटी रिंग मागावी. ती त्या दुकानात मिळत नसेल आणि कंपनीही देत नसेल, तर दुसरी बाटली पाहावी. मिळाली तर दोन घेऊन एक प्रथमोपचाराच्या डबीत टाकावी.